कॅमेऱ्याचं मोशन डिटेक्शन लावताय? या चुका टाळा

कोल्हापुरात पाऊस धरला की माझा फोन सुरू होतो. "कॅमेरा रात्रभर टिंगटिंग करतोय, बदलून द्या." कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

मोशन डिटेक्शन म्हणजे हालचाल दिसली की मोबाईलवर अलर्ट. पण साधा कॅमेरा चोर ओळखत नाही, चित्रातले ठिपके बदलले की ओरडतो. पावसाची धार, हलणारी फांदी, हेडलाइट, त्याला सगळं एकच. तरी लोक पहिल्याच दिवशी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक हालचालीवर ओरडायचं ते, १०० वर नेतात. अहो, तिखट वाढवलं म्हणून मिसळ चांगली होत नाही! मी ५० वर ठेवतो, दोन रात्री बघतो, मग हात लावतो. एवढाही दम नसेल तर कुत्रं पाळा.

पण माझा खरा वैरी कोळी. फुलेवाडीतल्या एका काकांकडे रात्रीत ढीगभर अलर्ट यायचे. वैतागून त्यांनी नोटिफिकेशनच बंद केलं. परड्यातली जुनी सायकल गेल्याचं त्यांना आठवड्यानं कळलं. रेकॉर्डिंग काढलं तर ३२ जीबीचं कार्ड भरून जुनं सगळं पुसलेलं, आणि उरलेल्या प्रत्येक क्लिपमध्ये पांढरी जाड दोरी हलतेय. काका म्हणाले, "भूत आहे काय रं?" शिडी लावून बघितलं तर लेन्ससमोर जाळं. अंधारात बघायला कॅमेऱ्यात जो इन्फ्रारेड दिवा असतो, त्याच्याकडे किडे येतात, किड्यांमागं कोळी, आणि इतक्या जवळचा धागा त्या उजेडात ट्यूबलाइटसारखा चमकतो. वाऱ्यानं हलला की अलर्ट.

तेव्हापासून काठीला जुना रंगाचा ब्रश बांधून ठेवलाय. अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधली की त्याच हातानं कॅमेऱ्याचं तोंड झाडतो. जाळं फारच होत असेल तर कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड बंद करून चार-पाच फुटांवर साधा बल्ब लावा. किडे तिकडं जातात.

झोन, म्हणजे चित्रातल्या कुठल्या भागावर लक्ष ठेवायचं ते, आखताना रस्ता वगळा. राजारामपुरीत घरासमोरची गल्ली झोनमध्ये घेतली तर अख्ख्या गल्लीची हजेरी तुमच्या मोबाईलवर.

बॅटरीवरच्या कॅमेऱ्यात बहुधा पीआयआर, म्हणजे अंगाची उष्णता हलली की ओळखणारा सेन्सर असतो. माणूस समोरून आडवा गेला तर तो लगेच जागा होतो, सरळ चालत आला तर उशिरा. म्हणून गेटकडे नाक करून लावू नका, तिरका लावा.

अलर्ट येतच नाहीत? आधी मोबाईलचा बॅटरी सेव्हर बघा, तो कॅमेऱ्याच्या अ‍ॅपला झोपवतो. मग मला फोन करा.

आणि चाचणी दिवसा उजेडात करून "झालं" म्हणू नका. रात्री दिवे घालवून स्वतः गेटमधून चालत या. शेजारी हसतील, हसू देत.