मंडळाच्या पदकांची वही: सोफियाच्या क्लबांकडून सोलापूरच्या तालमींनी काय घ्यावे

सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या तालमीत किंवा क्रीडा मंडळात भिंतीवर ढाली टांगलेल्या असतात, कपाटावर चषकांची रांग असते. पण 'आपण जिल्हा अजिंक्यपद किती वेळा जिंकले?' असे विचारले की तिघे जण तीन आकडे सांगतात. तिघेही खरेच बोलत असतात. एक जण फक्त पुरुष संघाचे मोजतो, दुसरा कुमार गटाचे त्यात धरतो आणि तिसरा मंडळाचे नाव बदलण्याआधीचेही मिळवतो.

हाच गुंता बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, शंभर वर्षे चालत आला आहे. लेव्हस्की, सीएसकेए आणि स्लाव्हिया हे तिन्ही क्लब फुटबॉलसाठी ओळखले जातात, पण व्हॉलीबॉल, बास्केटबॉल असे इतर खेळही त्यांच्या नावावर आहेत. नावे बदलली, संघ एकमेकांत विलीन झाले, विजेतेपदे काढून घेतली आणि परत दिली. त्यामुळे नोंद कशी ठेवायची याचे चांगले-वाईट सगळे नमुने तिथे सापडतात.

आधी नावांचा तक्ता, मग पदके

पहिले पान पदकांचे नसावे, नावांचे असावे. लेव्हस्कीचाच तक्ता पाहा. १९१४ मध्ये शाळकरी मुलांनी क्लब काढला आणि १८७३ मध्ये फासावर गेलेले क्रांतिकारक वासिल लेव्हस्की यांचे नाव त्याला दिले. (हुतात्म्यांचे नाव मंडळाला देण्याची रीत सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको.) १९४९ मध्ये सरकारी फेररचनेत क्लबचे नाव 'दिनामो' झाले, १९५७ मध्ये जुने नाव परत आले. १९६९ मध्ये स्पार्टक सोफियाशी विलीनीकरण होऊन 'लेव्हस्की-स्पार्टक' झाले, १९८५ मध्ये 'वितोशा' आणि पुढे पुन्हा लेव्हस्की. आता १९५३ चे फुटबॉल लीग विजेतेपद कागदोपत्री 'दिनामो'चे आहे आणि १९८८ चे 'वितोशा'चे. हा तक्ता हाताशी नसेल तर जुने वर्तमानपत्र उघडणाऱ्याला ही दोन विजेतेपदे दुसऱ्याच कुणाची वाटतील.

तुमच्या तक्त्यात पाच रकाने ठेवा: नाव, कधीपासून, कधीपर्यंत, बदलाचे कारण आणि पुरावा. पुरावा म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातला नोंदणी उतारा, घटनेची प्रत किंवा ठराव असलेले इतिवृत्ताचे पान. विश्वस्त बदलले किंवा नाव बदलले की फेरफार अर्ज द्यावा लागतो, त्यामुळे त्याची फाइल तारखांसाठी सगळ्यात भरवशाची. नोंदणी क्रमांक देऊन नकलेसाठी अर्ज करा. क्रमांक सापडत नसेल तर जुने पावतीपुस्तक काढा. वर्गणीच्या पावतीवर तो बहुतेक छापलेला असतो.

विलीनीकरण झाले असेल तर दोन्ही मंडळांची पाने वेगळीच ठेवा. स्पार्टक सोफियाने १९६८ चा राष्ट्रीय चषक जिंकला होता. तो स्पार्टकच्याच पानावर राहतो, पुढच्या वर्षी विलीनीकरण झाले म्हणून लेव्हस्कीच्या बेरजेत येत नाही. शेजारच्या गल्लीतले मंडळ तुमच्यात आले म्हणून त्यांची ढाल तुमची होत नाही. 'विलीन मंडळाची कामगिरी' असा जोडविभाग करा, म्हणजे त्यांचाही मान राहतो.

स्थापनेची तारीख

स्थापनेच्या किमान तीन तारखा असतात: पोरे पहिल्यांदा जमली ती, नोंदणी झाली ती आणि जागा किंवा इमारत मिळाली ती. तिन्ही लिहा आणि वर्धापनदिन कोणता धरता ते एका ओळीत सांगा. बल्गेरियात आणखी एक खोच आहे. तिथे १९१६ पर्यंत जुने कॅलेंडर चालायचे आणि विसाव्या शतकात ते १३ दिवस मागे होते. त्यामुळे त्याआधीचा कागद हातात आला की तारीख कोणत्या कॅलेंडरची हे आधी पाहावे लागते.

आपल्याकडे हेच शकाच्या बाबतीत होते. तालमीच्या दगडी पाटीवर 'शके १८५०, विजयादशमी' असेल तर ७८ मिळवा: १९२८. पण पाटीवर माघ किंवा फाल्गुन असेल तर इंग्रजी वर्ष पुढचे लागलेले असते, म्हणून ७९ मिळवा: १९२९. पौष दोन्ही वर्षांत पडू शकतो, तेव्हा तिथे जुने पंचांग बघितल्याशिवाय लिहू नका. वहीत पाटीवरची मूळ तिथी आणि रूपांतर दोन्ही ठेवा. नुसते रूपांतर ठेवले तर चूक झाल्यास ती पकडायला काहीच उरत नाही.

पदकाची एक ओळ

खेळ, स्पर्धेचे पूर्ण नाव, पातळी (वॉर्ड, शहर, जिल्हा, विभाग, राज्य), वयोगट, पुरुष की महिला, मोसम, अंतिम सामन्याची तारीख व ठिकाण, प्रतिस्पर्धी, गुण, संघातली नावे, त्या वेळचे मंडळाचे नाव, पुरावा. एका विजयाला एकच ओळ.

मोसम आणि तारीख वेगळी का? स्लाव्हियाच्या महिला बास्केटबॉल संघाने युरोपियन चॅम्पियन्स कपची (देशोदेशीच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा, थोडक्यात युरोपियन कप) पहिलीच स्पर्धा जिंकली. तो मोसम १९५८-५९ चा. एकाने १९५८ लिहिले आणि दुसऱ्याने १९५९, तर यादीत एकाचे दोन कप होतात. आपल्या शालेय स्पर्धा जून ते एप्रिल अशा दोन वर्षांत पसरतात, तिथे हीच दुहेरी मोजणी सर्रास होते.

महिलांचा रकाना सुरुवातीपासूनच हवा. लेव्हस्कीच्या महिला व्हॉलीबॉल संघाने १९६४ मध्ये युरोपियन कप जिंकला. सीएसकेएच्या महिलांनी तो १९७९ आणि १९८४ मध्ये. युरोपियन चॅम्पियन्स कप या दोन्ही क्लबांच्या फुटबॉल संघांना कधीच मिळालेला नाही. फुटबॉलच्या गोंगाटात ही पदके मागे ढकलली जातात. तुमच्या मंडळात मुलींच्या खो-खो संघाची ढाल जिन्याखालच्या खोलीत पडली असेल तर कामाला तिथूनच सुरुवात करा.

प्रतिस्पर्ध्याच्या रकान्यात त्या संघाचा त्या वेळचा दर्जाही लिहा. सीएसकेएने फुटबॉलच्या युरोपियन कपमध्ये तीन गतविजेत्यांना बाहेर काढले: १९७३ मध्ये आयॅक्स, १९८० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट, १९८२ मध्ये लिव्हरपूल. यातून एकही कप हाती आला नाही, तरी क्लबच्या इतिहासातली ही सगळ्यात वजनदार पाने आहेत. राज्य विजेत्या संघाला उपांत्यपूर्व फेरीत हरवले असेल तर ती ओळ आलीच पाहिजे. हारही लिहा. २००६-०७ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या (फुटबॉलच्या युरोपियन कपचेच नवे नाव) गटफेरीत पोचणारा लेव्हस्की हा पहिला बल्गेरियन संघ. तिथे सहाच्या सहा सामने हरला, एक गोल केला आणि १७ खाल्ले. पोचल्याचे लिहून आकडे लपवले असते तर वाचणाऱ्याचा बाकी नोंदींवरचाही विश्वास उडाला असता.

खेळाडूचे यश आणि मंडळाचे यश कुठे वेगळे करायचे? बल्गेरियाचा फुटबॉलपटू ह्रिस्तो स्तॉइचकॉव्ह १९९० मध्ये ३८ गोलांवर, युरोपातल्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणाऱ्या युरोपियन गोल्डन बूटचा (विभागून) मानकरी झाला तेव्हा सीएसकेएकडून खेळत होता. ती नोंद क्लबची. १९९४ चा बॅलन डी'ओर हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा तो बार्सिलोनाचा होता. ती नोंद 'आमचे माजी खेळाडू' या विभागात. मंडळात घडलेली मुलगी पुढे रेल्वेकडून किंवा पोलिसांकडून खेळली तर नियम हाच.

वादाच्या निकालाची ओळ खोडू नका. १९ जून १९८५ च्या चषक अंतिम सामन्यात लेव्हस्की आणि सीएसकेए यांच्यात मारामारी झाली. त्यावर दोन्ही क्लब बरखास्त करून नव्या नावांनी उभे केले, लेव्हस्कीचे लीग विजेतेपद काढून घेतले आणि काही वर्षांनी परत दिले. अशा ओळीसमोर निर्णय, त्याची तारीख आणि नंतरचा बदल असे तिन्ही क्रमाने येतात.

पुरावे कसे गोळा करायचे

ढालींपासून सुरुवात करा. फोटो काढण्याआधी पितळी पट्ट्या चिंच-राखेने किंवा पावडरीने घासू नका. वर्षानुवर्षे घासून कोरलेली अक्षरे आधीच उथळ झालेली असतात. खोलीत अंधार करून टॉर्च पट्टीच्या बाजूने, जवळजवळ आडवी धरा, म्हणजे सावलीत अक्षरे उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर वर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल तिरपी फिरवा. फिरत्या ढालीवर सगळ्या विजेत्यांच्या पट्ट्या असतात, तेव्हा तुमचीच नव्हे, सगळ्या पट्ट्यांचे फोटो घ्या. दुसऱ्या मंडळाचा हरवलेला पुरावा तुमच्याकडे सापडतो.

गड्ड्याच्या यात्रेतल्या किंवा इतर मैदानांतल्या कुस्त्यांची जुनी पोस्टरे जपून वापरा. पोस्टरवर ठरलेल्या जोड्या असतात, निकाल नसतो. कुस्ती झाली का, चितपट झाली की बरोबरीत सुटली, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातूनच कळते. त्यासाठी शहरातल्या जुन्या वाचनालयांत बांधीव अंक चाळा. सामन्याच्या तारखेनंतरचे चार दिवस पाहा, कारण बातमी उशिरा छापली जायची. गिरणगावातल्या मंडळांचे कागद मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही निघतात. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत जातात. ते आधी स्कॅन करा, वाचणारा नंतर शोधा.

कात्रणांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनही नको. कागद ३०० डीपीआयला आणि फोटो ६०० ला स्कॅन करून पत्र्याच्या छपराखालच्या ट्रंकेतून बाहेर काढा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिथे कागद भाजून निघतो.

संघाच्या फोटोच्या मागे बॉलपेनने नावे लिहिली तर ती पुढच्या बाजूला उमटतात. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांची बाह्यरेषा काढा, क्रमांक द्या आणि तीन जुन्या खेळाडूंना वेगवेगळे भेटून विचारा. एकत्र बसवले की मोठ्या आवाजाच्या माणसाचे नाव खरे ठरते. 'कोणते साल?' असे विचारले की अंदाज मिळतो. त्याऐवजी ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, गिरणी चालू होती की बंद, ९३ च्या भूकंपाआधी की नंतर, असे विचारा. दोघांचे जुळले तर नाव पक्के, नाहीतर पेन्सिलीत.

हे काम केवळ हौसेचे नाही. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी खेळाडूचे प्रमाणपत्र पडताळणीला जाते, तेव्हा स्पर्धा, वर्ष आणि संघाची यादी दाखवणारी मंडळाची नोंद हाताशी असली तर पोराची धावपळ वाचते. म्हणून खेळागणिक वेगळी वही ठेवा.

फलक शेवटी

पेंटरला बोलावण्याआधी पूर्ण यादी महिनाभर मंडळाच्या दारात लावा, शेजारी एक कोरी वही आणि पेन दोरीने बांधून ठेवा. हरकती येतात, त्या तारखेसह उतरवून घ्या. आडनावे आणि वडिलांच्या नावाची आद्याक्षरे त्या त्या घरून तपासा. एकाच गल्लीत एकाच नावाचे दोघे खेळलेले असतात. फलकावर प्रत्येक दशकाखाली दोन ओळी मोकळ्या सोडायला पेंटरला सांगा. फलक लागला की उरलेली ढाल कुणाच्या तरी माळ्यावरून हमखास खाली येते.