शाफ्टवर घट्ट बसलेला पंखा कसा काढला

१ जूनला मासेमारी बंद झाली, बोट किनाऱ्यावर ओढली आणि तिला पाण्यात पुढे ढकलणारा पंखा काढायला घेतला. पितळी पंखा, निमुळत्या शाफ्टवर (पंखा फिरवणारा दांडा) चावीने, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीने, बसवलेला. तीन वर्षं हात लावला नव्हता. पुलर (बोल्ट आवळून पंखा ओढून काढायचं अवजार) पूर्ण आवळला तरी हलेना.

खलाशी म्हणाला, "मागनं घण घाला, येतोय भायेर." मी नको म्हटलं. गेल्या खेपेला असाच घण घालून एक पातं वाकवलं होतं, मग हंगामभर बोट थरथरत होती.

मुख्य नट मी पूर्ण काढला नव्हता, चार आटे ढिला करून तसाच ठेवला होता. पंखा सुटतो तो बंदुकीसारखा. नट नसेल तर थेट पायावर. पुलर ताणात ठेवून गॅसच्या बत्तीने फक्त पंख्याचा मधला गोळा शेकला, बत्ती गोल फिरवत. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून घाई करायची. शाफ्टही तापला की खेळ संपला. पुढच्या रबरी बेअरिंगवर ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. मग पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन ठोके. तिसऱ्याला "ठण्ण" झालं, पंखा नटावर येऊन थांबला. खलाशी दोन पावलं मागे!

चावी कडेला चेपली होती, नवीन घातली. बसवताना आधी चावीशिवाय पंखा चढवून शाफ्टवर खूण केली. चावी घातल्यावर तो खुणेपर्यंत आला नाही, तर चावी वरून घासायची.