कुत्र्याला जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं? या चुका टाळा

सोफ्यावरच्या चादरीवर एक पांढरा कण दिसला. रात्रीच्या भाताचं शीत असेल म्हणून उचलायला गेले, तर ते शीत आखडलं आणि पुन्हा लांब झालं. आमचा सोन्या रात्रभर नेमका तिथंच झोपला होता. त्याला जंताची गोळी देऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनानं केलेला गोल समोरच दिसत होता. गोळी बनावट निघाली, असंच मला वाटलं.

डॉक्टरांनी गोळीचं नावही आधी विचारलं नाही. सोन्याच्या शेपटीच्या बुडाशी त्यांनी केस बाजूला केले, तिथले मिरपुडीसारखे काळे कण ओल्या कापसावर घेतले आणि कापूस माझ्यासमोर धरला. थोड्या वेळात प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे सोन्याचंच पचलेलं रक्त. चादरीवर हलणारा तुकडा पट्टकृमीचा, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचा होता. या जंताची अंडी पिसवेची अळी खाते, अळीची पिसू होते, अंगाला खाज सुटली की कुत्रा स्वतःला चावता चावता ती पिसू गिळतो आणि तीन-चार आठवड्यांत पोटात नवा जंत तयार होतो. गोळीनं तिचं काम चोख केलं होतं. पिसवांचं औषध मात्र मी चार महिन्यांत एकदाही लावलं नव्हतं.

तेव्हापासून कोणी विचारलं की “किती महिन्यांनी देता हो जंताचं औषध?”, तर मी आधी उलटं विचारते: कुत्रा किती वयाचा, खातो काय, फिरतो कुठं आणि घरात लहान मूल आहे का? एवढं कळल्याशिवाय महिन्यांचा आकडा सांगण्यात अर्थ नाही.

शाळेतल्या गोळीचा हिशेब कुत्र्याला लावणं

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळा-अंगणवाडीत मुलांना गोळी देतात. त्यामुळं “वर्षातून दोनदा” हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि बरीच मंडळी कुत्र्यालाही तोच हिशेब लावतात. काही जण तर मुलांचीच अल्बेंडाझोलची गोळी देऊन मोकळे होतात. हे करू नका. कुत्र्यांमध्ये या औषधानं अस्थिमज्जेवर वाईट परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत, आणि कुत्र्यांसाठी त्याहून सुरक्षित औषधं सहज मिळतात.

वर्षातून दोनदा कमी का पडतं, तेही समजून घ्या. जंताची गोळी लसीसारखी पुढचे महिने राखण करत बसत नाही. पायरँटेल, फेनबेंडाझोल, प्राझिक्वांटेल ही नेहमीची औषधं त्या दिवशी पोटात असलेले जंत मारतात आणि एक-दोन दिवसांत शरीराबाहेर जातात. तिसऱ्या दिवशी कुत्र्यानं बागेतली माती चाटली, की नवी लागण सुरू. गोलकृमीचं अंडं गिळल्यापासून शीमधून नवी अंडी पडायला साधारण चार-पाच आठवडे लागतात. म्हणून दर महिन्याला औषध दिलं तर अंडी पडायच्या आतच जंत मरतात. तीन महिन्यांनी दिलं तर मधले काही आठवडे अंडी पडतात, पण लागण आटोक्यात राहते. सहा महिन्यांनी दिलं तर वर्षाचा बहुतेक काळ तुमचं अंगण आणि गल्लीतली माती दूषितच राहू शकते. युरोपातल्या परजीवीतज्ज्ञांचं ‘एस्कॅप’ मंडळही मोठ्या कुत्र्याचा धोका नक्की ठरवता येत नसेल, तर वर्षातून किमान चार वेळा द्या असं सांगतं.

कोल्हापुरातल्या ताराबाई पार्कात फ्लॅटमध्ये राहणारा, पट्ट्याशिवाय बाहेर न जाणारा आणि शिजवलेलंच खाणारा कुत्रा असेल तर दर तीन महिन्यांनी औषध पुरतं. तोच कुत्रा रोज रंकाळ्यावर मोकळा सुटत असेल, सापडेल ते हुंगत-खात असेल आणि घरात रांगतं बाळ असेल, तर महिन्याच्या हिशेबाबद्दल डॉक्टरांशी बोला. गोलकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यातल्या अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही जाऊन बसतात. माती तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांना हा धोका जास्त.

पिल्लू ‘जरा मोठं होऊ दे’ म्हणून थांबणं

या चुकीत पिल्लं दगावतात, म्हणून इथं जरा थांबून सांगते. पिल्लू जन्माला येतं तेव्हाच त्याच्या अंगात गोलकृमीच्या अळ्या असू शकतात, कारण आईच्या शरीरात दबून बसलेल्या अळ्या गाभणपणात जाग्या होतात आणि वारेतून पिल्लात शिरतात. जन्मल्यावर आईच्या दुधातून अंकुशकृमीही येतो. हा आतड्याला चिकटून रक्त पितो. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या, शी डांबरासारखी काळी आणि पोट टम्म दिसलं, तर “दूध जास्त झालं असेल” म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.

पहिलं औषध दोन आठवड्यांचं असताना, मग आठ आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पिल्लं १ जूनला झाली असतील तर तारखा अशा पडतात: १५ जून, २९ जून, १३ जुलै, २७ जुलै आणि मग ऑगस्ट ते नोव्हेंबर दर महिन्याच्या २७ तारखेला. पिल्लांबरोबर आईलाही द्यायचं. हे नव्वद टक्के घरांत राहून जातं, असं मी अंदाजानंच म्हणते, पण आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी आईला काहीच दिलेलं नव्हतं. पिल्लाचं औषध पातळ असतं आणि ते वजनावर मोजूनच द्यावं लागतं. झाकणानं अंदाजे ओतू नका.

पिल्लू विकत घेतलं असेल तर “सगळं झालंय” या शब्दावर विसंबू नका. कार्डावर तारीख आणि औषधाचं नाव दोन्ही हवं. नसेल तर झालेलं नाही, असं धरून चला.

रविवारच्या मटणातला कुत्र्याचा वाटा

कोल्हापुरात हा विषय टाळून चालणारच नाही. घरात तांबडा-पांढरा शिजतो तेव्हा मटणाच्या दुकानातून कुत्र्यासाठीही पिशवी येते: वजडी, फुप्फुसाचे तुकडे, काळजाची कड. प्रेमानं आणलेलं असतं. पण कच्चं घातलं तर यातूनच एका लहानशा पट्टकृमीची लागण होते. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फुप्फुसात कधी कधी पाण्यानं भरलेले फुगे दिसतात, ते याच जंताचे. कुत्र्यानं ते खाल्ले की त्याच्या आतड्यात हे जंत वाढतात. ते जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे, त्यामुळं शीमध्ये डोळ्यांना दिसत नाहीत. कुत्रा ठणठणीत असतो. मात्र त्याच्या शीतली अंडी हातावाटे, भाजीवाटे माणसाच्या पोटात गेली तर तसेच फुगे माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात वर्षानुवर्षं वाढत राहतात, आणि पुढं अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ येते.

उपाय सोपा आहे. कुत्र्याचा वाटाही कुकरमध्ये घाला, आतपर्यंत शिजू द्या, मग द्या. फुगे दिसलेलं काळीज उकिरड्यावर टाकू नका, तिथं गल्लीतली कुत्री टपलेलीच असतात. आणि कच्चं खाण्याची सवय मोडणं शक्यच नसेल, किंवा कुत्रा शेतावर मेंढरांच्या कळपामागं हिंडणारा असेल, तर प्राझिक्वांटेल असलेलं औषध दर सहा आठवड्यांनी लागतं. या जंताची अंडी पडायला साधारण सहा-सात आठवडे लागतात, त्याच्या आत तो मारायचा, एवढाच यामागचा हिशेब. साध्या पायरँटेलनं पट्टकृमी मरत नाही. म्हणून “जंताची गोळी दिली” एवढं सांगून भागत नाही, पाकिटावरचं औषधाचं नाव वाचायला शिका.

वजन डोळ्यांनी मोजणं

बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांचा हिशेब दहा किलोला एक असा असतो. शेजारच्या काकांचा लॅब्रॅडोर बत्तीस किलोचा, आणि दर वेळी एकच गोळी. म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. अशा अर्धवट मात्रेनं जंत पुरते मरत नाहीत, आणि औषधाला न जुमानणारे तेवढे मागं उरतात. अमेरिकेत नेहमीच्या औषधांना दाद न देणारे अंकुशकृमी आढळलेत, तेव्हा ही भीती कागदावरची नाही. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा, फरक तेवढं त्याचं वजन. उचलता येत नसेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या.

गोठ्यातलं औषध कुत्र्यावर वापरणं

करवीर-कागल पट्ट्यात ज्यांच्या दारात म्हैस आहे, त्यांच्याकडं गोचिडाची बाटली असतेच. तीच थोडी कुत्र्याला चोळली जाते. जनावराच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनमध्ये औषध इतकं तीव्र असतं की पाच-दहा किलोच्या कुत्र्याला एखादा थेंब इकडं-तिकडं झाला तरी मात्रा चुकते, आणि कोली जातीच्या कुत्र्यांत तर अगदी कमी मात्राही मेंदूवर जाऊ शकते. अंगावर ओतायच्या औषधाचंही तसंच. कुत्रा ते अंगावरून चाटून साफ करतो. लाळ गळणं, झोकांड्या जाणं, अंग थरथरणं यातलं काही दिसलं तर दवाखाना गाठा आणि बाटली बरोबर न्या. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध तिच्या अंगाला लागू देऊ नका, मांजराला ते मारक ठरतं.

रॉकेल, तंबाखूचं पाणी, लसूण चारणं हे तिन्ही बंद करा. तंबाखू आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत, आणि रॉकेलनं कातडी भाजते.

डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून जंत नाहीत

शीमध्ये जंत दिसले नाहीत म्हणून औषध टाळणं, आणि औषधानंतर जंत पडले नाहीत म्हणून औषध फसलं म्हणणं, ही एकाच गैरसमजाची दोन टोकं आहेत. अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. प्राझिक्वांटेलनं मेलेला पट्टकृमी तर बहुधा आतड्यातच विरघळतो. शंका असेल तर तीन दिवसांच्या ताज्या शीचा थोडा थोडा भाग झाकणाच्या डबीत घेऊन तपासणीला द्या. औषधानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं की औषध लागू पडलं का तेही कळतं.

ढुंगण घासत फिरणारा कुत्रा म्हणजे जंत, हेही दर वेळी खरं नसतं. बहुतेकदा गुदद्वाराशेजारच्या ग्रंथी भरलेल्या असतात, त्या डॉक्टर दाबून रिकाम्या करतात.

शी रोजच्या रोज उचला. गोलकृमीचं अंडं पडल्या पडल्या लागण करत नाही, त्याला मातीत दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी उचललं तर प्रश्नच मिटतो. राहिलं तर ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, ओल्या सावलीच्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्याही तग धरतात आणि अनवाणी पायातून माणसाच्या कातडीत शिरतात.

गोचीड गेला की औषध बंद

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड घरातच संसार करतो. आयुष्यात तीनदा तो कुत्र्यावर चढून रक्त पितो आणि तीनदा खाली उतरतो. मादी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागं हजारो अंडी घालते. त्यामुळं कुत्र्यावर आज एकही नाही याचा अर्थ घरात नाही असा होत नाही. एक डोस देऊन थांबलात तर दोन-तीन महिन्यांत पुढची पिढी वर चढते. सलग औषध चालू ठेवा आणि फटी बुजवा. आपली हवा अशी आहे की त्यांना बाराही महिने मानवते, फक्त उन्हाळ्यात औषध देऊन भागत नाही.

मुदत औषधागणिक वेगळी असते. मानेवर टाकायचं फिप्रोनिल साधारण महिनाभर चालतं, आणि ते टाकायच्या आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. चघळायच्या गोळ्यांत अफोक्सोलानर महिन्याची, फ्लुरालानर बऱ्याच जास्त दिवसांची. पाकिटावरची मुदत कॅलेंडरवर लिहा. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना जरूर सांगा. गोळी दिल्यावरही एखादा गोचीड चिकटलेला दिसतोच, कारण तो चावल्यावरच औषध त्याच्यात जातं. दुसऱ्या दिवशी तो वाळलेला सापडतो. या गोळ्यांनी पोटातले जंत मात्र मरत नाहीत, एकाहून जास्त औषधं असलेल्या काही जोडगोळ्यांनी गोलकृमी मरतात, पट्टकृमी तरीही बहुधा उरतो.

आंघोळ घालताना कानाच्या घडीत, पायाच्या बोटांमध्ये आणि पट्ट्याखाली बोटं फिरवा. सापडला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, नखानं चिरडू नका.

गोचीड सापडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा जेवण सोडून कोपऱ्यात पडून राहू लागला, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी तापाची गोळी देऊन वाट बघू नका. पॅरासिटामॉल तर देऊच नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, गोचीड सापडल्याची तारीख सांगा आणि गोचीड-तापासाठी रक्त तपासायला सांगा.