एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी बॅगपाइपचे ध्वनिमुद्रण कसे करावे
स्कॉटलंडच्या हायलँड बॅगपाइपचे मुद्रण करण्यापूर्वी वादकाला पंधरा-वीस मिनिटे वाजवू द्यावे, कारण उष्णता व दमटपणा स्थिरावेपर्यंत रीडचा (कंपून आवाज काढणाऱ्या पातीचा) सूर सरकत राहतो. चँटरचे (बोटांनी धून वाजवायच्या नळीचे) नऊ स्वर समोर उमटतात, तर तीन ड्रोनचा (एकच सूर सतत धरणाऱ्या नळ्यांचा) अखंड षड्ज खांद्यावरून वर जातो. म्हणून एक मायक्रोफोन समोर सुमारे दोन मीटरवर आणि दुसरा ड्रोनच्या उंचीवर ठेवून दोन्हींचे स्वतंत्र ट्रॅक घ्यावेत. वाद्य जवळून 100 डेसिबलपेक्षाही मोठे वाजू शकते, तेव्हा गेन (मायक्रोफोनचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमीच असावा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव्ह फाइल पुरेशी आहे.

गोंगाट काढणारी स्वयंचलित साधने कटाक्षाने टाळावीत, कारण न थांबणाऱ्या ड्रोनलाच ती गोंगाट समजून पुसू पाहतात. संपूर्ण वादनाखेरीज, ड्रोनना बुचे लावून केवळ चँटरचे आणि चँटर बंद ठेवून केवळ ड्रोनचे नमुनेही घ्यावेत. नोंदीत 'ए' स्वराची मोजलेली कंप्रता अवश्य लिहावी. ती आज बहुधा 470 ते 485 हर्ट्झच्या दरम्यान असते, आणि 440 हे प्रचलित प्रमाण गृहीत धरून सूर 'सुधारणे' म्हणजे (ही सुधारणा अनेकांना सुचते) वाद्याची ओळखच पुसणे होय. प्रशिक्षणासाठीच्या वापराची वादकाची लेखी परवानगी मुद्रणाआधीच घ्यावी.