व्हॉइसएक्सएमएलमध्ये मेनू लिहिताना या चुका टाळा

व्हॉइसएक्सएमएल ही फोनवर बोलणाऱ्या यंत्राचे संवाद लिहिण्याची भाषा. फोनवर मेनू ऐकणाऱ्यासमोर पडदा नसतो. कानातून निसटलं की गेलं. हे न ओळखता लिहिलेले मेनू दुरुस्त करण्यात माझे खूप दिवस गेले आहेत.

सगळ्यात महागात पडते ती ही चूक: मेनूला डीटीएमएफ (फोनची बटणं दाबून निवड करण्याची सोय) 'ट्रू' म्हणजे चालू करायचं आणि आकडे मात्र रेकॉर्डिंगमध्ये बोलून ठेवायचे. ही सोय पहिल्या नऊ चॉइसना, म्हणजे मेनूतल्या पर्यायांना, लिहिलेल्या क्रमानं १ ते ९ आकडे देते. एका बँकेच्या फोनसेवेत कुणीतरी घाईघाईत 'कर्जाचा हप्ता' हा नवा चॉइस सगळ्यात वर टाकला. खालचे आकडे एकेकाने सरकले, रेकॉर्डिंग तेच राहिलं. "कार्ड बंद करण्यासाठी दोन दाबा" ऐकून दोन दाबणाऱ्याला खात्यातली शिल्लक ऐकू यायची. कार्ड हरवलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. पुन्हा पुन्हा शिल्लक ऐकून फोन ठेवून दिल्याच्या नोंदी लॉगमध्ये वाचल्या, तेव्हा फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी 'ट्रू' काढतो, प्रत्येक चॉइसला आकडा हातानं देतो आणि नवा चॉइस शेवटीच जोडतो. 'ट्रू' ठेवून हातानं आकडे लिहाल तर ०, * आणि # एवढेच चालतात. दुसरं काही लिहिलं की 'एरर.बॅडफेच' ही त्रुटी येते.

दुसरी चूक खास मराठीची. एन्युमरेट टॅग चॉइसचा मजकूर साच्यात बसवून आपोआप वाचतो. इंग्रजी साचा उचलून 'साठी' जोडलं की यंत्र म्हणतं, "तक्रार साठी दोन दाबा." आपण 'तक्रारीसाठी' म्हणतो, सामान्यरूप टॅगला कुठून कळणार? चॉइसमध्येच 'तक्रारी' लिहिणं हा आळशी उपाय आहे, कारण तोच मजकूर ओळखायचा शब्दही असतो आणि माणूस 'तक्रार' म्हणतो. मी साचाच बदलतो: "तक्रार. यासाठी दोन दाबा." घाई असलेल्यांना हे अर्ध्या मिनिटाचं कामही नकोसं वाटतं.

चॉइसचा ॲक्सेप्ट (बोललेलं किती तंतोतंत जुळावं हे ठरवणारा गुणधर्म) मुळात 'एक्झॅक्ट' असतो, म्हणून 'कर्जाचा हप्ता'ऐवजी नुसतं 'हप्ता' म्हटलेलं चालत नाही. तो 'अप्रॉक्झिमेट' करा, म्हणजे त्यातले काही शब्दही चालतात.

भाषा 'एमआर-आयएन' (भारतातल्या मराठीचा कोड) लिहा.

नोमॅचला, म्हणजे बोललेलं यंत्राला ओळखता आलं नाही तर, तेच वाक्य तीनदा ऐकवू नका. कितवी वेळ आहे ते सांगणारा काउंट वापरा, तिसऱ्या वेळी माणसाकडे जोडून द्या.

बार्ज-इन (यंत्र बोलत असताना मध्येच तोडण्याची सोय) चालू ठेवा. रोज फोन करणाऱ्याला आपला आकडा पाठ असतो.