शिडाच्या युद्धनौकेचं प्लॅस्टिक किट निवडताना या चुका टाळा

शिडाच्या युद्धनौकेचं किट बरेच जण हौसेने घेतात आणि अर्ध्यावर सोडतात. हात कच्चा असणं हे त्याचं कारण क्वचितच असतं. बहुतेक वेळा निवडच चुकलेली असते. विमान किंवा रणगाड्याच्या किटपेक्षा इथे हिशेब वेगळा आहे, कारण या जहाजांच्या किटमध्ये दोन तऱ्हेच्या उणिवा असतात. जाड धागा, बेढब शिडं, ओबडधोबड तोफा, चुकीचा रंग हे सगळं बदलता येतं. जहाजाच्या धडाचा आकार मात्र साच्यातून जसा आला तसाच राहतो. म्हणून किट घेताना आधी धड बघा, बाकीचं सगळं नंतर.

खोक्यावरच्या नावावर विसंबणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चित्रकार चित्र काढतो ते खऱ्या जहाजाचं. आतलं प्लॅस्टिक त्याच जहाजाचं असेल याची खात्री ते चित्र देत नाही. साचा बनवायला अफाट खर्च येतो, त्यामुळे एकाच साच्यातून थोडेफार भाग बदलून दुसरं जहाज विकण्याची पद्धत जुनी आहे. रेव्हेलचं 'बीगल' हे याचं ठळक उदाहरण. ते त्याच कंपनीच्या 'बाउंटी'च्या साच्यावरून काढलेलं आहे. दोन्ही जहाजांची लांबी २७ मीटरच्या पुढे-मागे, एवढंच काय ते साम्य. बाउंटी हे मुळात कोळसा वाहणारं फुगीर व्यापारी जहाज, तर बीगल १८२० साली पाण्यात उतरलेली दहा तोफांची नौदलाची नौका. डार्विनचं जहाज म्हणून हौसेने घेणाऱ्याच्या हाती दुसऱ्याच जहाजाचं अंग पडतं.

उलटही घडतं. लिंडबर्ग या किट कंपनीने 'कॅप्टन किड' नावाने चाच्यांचं जहाज म्हणून विकलेलं किट हे खरं तर 'वापेन फॉन हॅम्बुर्ग' आहे, म्हणजे व्यापारी ताफ्यांचं चाच्यांपासून रक्षण करणारी युद्धनौका. त्यांच्याच 'जॉली रॉजर'च्या खोक्यात 'ला फ्लोर' ही फ्रेंच फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, निघते. कवटीचा झेंडा बाजूला ठेवला तर दोन्ही किट घेण्याजोगी आहेत. त्यामुळे नाव वाचून घेऊही नका आणि नाव वाचून टाकूही नका. साचा मूळ कोणत्या जहाजासाठी आणि कधी बनला ते शोधा, आणि स्प्रूवरच्या, म्हणजे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरच्या, सुट्या भागांचे फोटो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चकचकीत नव्या खोक्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा साचा असू शकतो.

नावाइतकंच सालही महत्त्वाचं. 'व्हिक्टरी' ही ब्रिटिश युद्धनौका १७६५ मध्ये पाण्यात उतरली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला उघडे सज्जे होते आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, भरगच्च कोरीव मूर्ती होती. १८०० ते १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीत ते सज्जे बंद झाले आणि मूर्तीही साधी झाली. बुडाला तांब्याचे पत्रे बसले तेही १७८० मध्ये. किटमध्ये बंद सज्जे असतील तर ती ट्रॅफल्गारच्या लढाईतली, १८०५ ची नौका. तिला १७६५ चं रूप द्यायचं ठरवलं तर मागचा भाग आणि नाळ नव्याने घडवावी लागेल.

धड नीट न बघणं

किटचे फोटो बहुधा बाजूने आणि थोडे वरून घेतलेले असतात. धडाचं खरं रूप समोरून, मागून आणि खालून कळतं. त्या काळच्या युद्धनौकांच्या बाजू खालच्या तोफांच्या रांगेपासून वर जाताना आत झुकत जातात. समोरून बघताना त्या सरळ भिंतीसारख्या दिसल्या तर साचा कच्चा समजा.

हेलर कंपनीचं १:१०० प्रमाणातलं, म्हणजे खऱ्या जहाजाच्या एक शतांश आकाराचं, 'सोलेय रोयाल' हे फ्रेंच युद्धनौकेचं किट बघा. त्याचं कोरीवकाम इतकं देखणं आहे की प्लॅस्टिकमध्ये तसं फार थोड्या किटना जमलंय. पण हे किट १६६९ च्या मूळ जहाजावरून केलेलं नाही. ते जहाज १६९२ मध्ये शेरबूरला जळालं, आणि किटला आधार आहे पॅरिसच्या नौदल संग्रहालयातल्या एकोणिसाव्या शतकातल्या मॉडेलचा. पाण्याखालचा भाग फारच सपाट आणि उथळ आहे, ही जाणकारांची जुनी तक्रार. तरीही हे किट मी बाद करणार नाही. पाण्याच्या रेषेवर धड कापून ते समुद्राच्या देखाव्यात बसवलं की दोष नजरेआड होतो आणि कोरीवकाम तेवढं उरतं. फक्त हा निर्णय किट घेण्यापूर्वी करा.

डेक किती तुकड्यांत आहे तेही बघा. रेव्हेलच्या १:९६ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन फ्रिगेटचा डेक तीन तुकड्यांत येतो आणि सांधे फळ्यांना आडवे जातात. पुटी भरून घासलं तर आजूबाजूच्या फळ्यांच्या रेघा पुसल्या जातात. त्यापेक्षा डेकवर पातळ लाकडी पट्ट्या, सांधे एका ओळीत येणार नाहीत अशा बेताने, चिकटवलेल्या बऱ्या. खर्च आणि वेळ वाढतो, पण त्या जहाजासाठी तो मला योग्य वाटतो.

लहान किट म्हणजे सोपं किट, हा समज

प्रमाणाचा आकडा वाचून नुसतं पुढे जाऊ नका, गुणाकार-भागाकार करा. व्हिक्टरीची पुढच्या तिरक्या काठीसकट लांबी साधारण १०० मीटर, आणि पाण्यापासून मुख्य डोलकाठीच्या टोकापर्यंत उंची ६२ मीटरच्या आसपास. हेलरच्या १:१०० किटची लांबी त्यामुळे जवळपास एक मीटर भरते आणि काचपेटी त्याहून मोठी लागते. एअरफिक्सच्या १:१८० मध्ये हीच लांबी ५५ सेंटिमीटर, रेव्हेलच्या १:२२५ मध्ये ४५. जागा आधी मोजा. धूळ बसलेलं रिगिंग, म्हणजे दोरांचं जाळं, पुसायला गेलं की तुटतं, त्यामुळे पेटी धरूनच मोजा.

आता गंमत अशी, की छोटं किट घेतलं म्हणून काम हलकं होत नाही. डोलकाठीवर चढायच्या दोरशिड्यांच्या, म्हणजे रॅटलाइनच्या, दोन पायऱ्यांमध्ये खऱ्या जहाजावर ३५ ते ४० सेंटिमीटर अंतर असतं. १:१०० ला ते पावणेचार मिलिमीटर होतं, तिथे गाठ मारता येते. १:२२५ ला तेच अंतर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. किटमधल्या तयार शिड्यांवर पट्टी ठेवून बघा. पायऱ्यांमध्ये तीन मिलिमीटर अंतर निघालं तर खलाशाला एकेका पायरीला जवळजवळ ७० सेंटिमीटर चढावं लागेल, आणि त्या प्रमाणात तो खलाशी अवघा साडेसात मिलिमीटर उंच आहे! एकदा हे लक्षात आलं की ते जाळं डोळ्यांना खुपत राहतं.

पहिल्यांदाच करणाऱ्याला माझा आग्रहाचा सल्ला: तीन मजली, शंभर तोफांचं जहाज नको. तोफांची एकच बंद रांग असलेली फ्रिगेट किंवा दोन डोलकाठ्यांची ब्रिग घ्या, १:१५० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणात. तोफा कमी, दोर कमी आणि बोटांना जागा जास्त. शंभर तोफा म्हणजे तोफेच्या त्याच त्या गाड्याची, त्याच त्या रंगाची शंभर आवर्तनं. अर्धी किट तिथेच अडकतात.

रंगाचंही थोडं. सूचनापत्रकातला रंग म्हणजे ते पत्रक छापलं त्या वेळची समजूत. 'वासा' ही स्वीडिश युद्धनौका १६२८ मध्ये बुडाली, १९६१ मध्ये वर काढली, आणि बरीच वर्षं तिच्या मागच्या कोरीवकामाची पार्श्वभूमी निळी रंगवली जायची. १९९० च्या दशकातल्या संशोधनाने ती लाल ठरवली. व्हिक्टरीचे भडक पिवळे पट्टेही २०१५ पासून गेले. रंगाच्या थरांच्या अभ्यासानंतर आता ती फिकट, किंचित गुलाबीसर छटेत आहे.

किट घरी आलंय आणि अडलंय

धडाचे दोन अर्धे जुळत नसतील तर ते जोर लावून एका दमात चिकटवू नका. वाकलेला अर्धा ७० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धरा, हळू सरळ करा आणि त्याच स्थितीत गार होऊ द्या. उकळतं पाणी नको, त्यात कडा कायमच्या वेड्यावाकड्या होतात. मग आतून जाड प्लॅस्टिक शीटचे आडवे पडदे बसवा आणि कड थोडी-थोडी चिकटवत न्या. खालच्या रांगेतल्या तोफा आणि त्यांचे आधार वरचा डेक बसवण्याआधी लागतात की नाही, हे सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचून ठरवा. डेक एकदा चिकटला की आत बोट जात नाही.

प्लॅस्टिकची तयार शिडं बहुतेक वेळा जाड दिसतात. ती सरळ वगळा. उघड्या काठ्यांचं, पूर्ण रिगिंग केलेलं जहाज फार सुंदर दिसतं. किंवा पातळ कागदाची गुंडाळलेली शिडं बांधा. किटमधला सुती धागा केसाळ असेल तर मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्या. डोलकाठ्यांना आधार देणारे दोर डांबर लावलेले असायचे, ते गडद ठेवा. शिडं हलवणारे दोर फिकट.

आणि डोलकाठ्या. प्लॅस्टिकची बारीक काठी दोर ताणला की हळूहळू वाकते, आज सरळ दिसली तरी महिन्याभराने नाही. जाड खालचा भाग दोन अर्ध्यांचा असेल तर चिकटवताना आत पितळी किंवा पोलादी सळई घाला. वरच्या बारीक काठ्या आणि शिडाच्या आडव्या काठ्या लाकडाच्या किंवा पितळेच्या करा. मुख्य डोलकाठी डेकमधून खाली जिथे टेकते तिथे घट्ट खोबण आहे का, हे धड बंद करण्याआधी बघा. नसेल तर प्लॅस्टिकचा ठोकळा तेव्हाच आत चिकटवून घ्या.