कॉलेजात सायबर कायद्याचं सेशन घेणार असाल तर आधी माझी फजिती वाचा

नाशकात गंगापूर रोडच्या एका कॉलेजात मी लॅब सांभाळायचो, तिथे सरांनी एक दिवस अचानक सांगितलं की फर्स्ट इयरच्या पोरांना इंटरनेटच्या कायद्यावर तासभर बोल. मी कॉम्प्युटरवाला, कायद्याशी संबंध शून्य, पण नाही कसं म्हणणार? कुठूनतरी जुनी पीपीटी उचलली, कलमं पाठ केली आणि राहिलो उभा.

तिसऱ्या स्लाइडवर आयटी ॲक्टचं, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ए. आक्षेपार्ह पोस्ट टाकली तर तीन वर्षं आत, असा चांगला दम भरला. मागून एक मुलगी उठली, म्हणाली सर ते कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ लाच रद्द केलंय, श्रेया सिंघल केस. तोंड एवढंसं झालं. पुढची स्लाइड पायरसीची, आणि पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात ठसठशीत 'ॲक्टिव्हेट विंडोज'. मग काय, हशा.

तर पहिलं काम, कायदा २००० चा असला तरी २००८ ची दुरुस्ती आणि नंतरचे निकाल बघून मगच स्लाइड बनवा. आणि कलमांनी सुरुवात करूच नका. मी आता लॅबपासून सुरू करतो. कोणीतरी व्हॉट्सॲप वेब तसंच उघडं ठेवून निघून जातं, पुढचा पोरगा त्यावरून क्लासच्या ग्रुपवर काहीबाही टाकतो आणि म्हणतो मजा केली. इथे पोरं सरळ बसतात, कारण प्रत्येकाने हे केलेलं तरी असतं किंवा भोगलेलं तरी.

मग प्रश्न येतोच, मैत्रिणीने स्वतःच पासवर्ड दिला असेल तर? इथे घाबरवायचं म्हणून खोटं सांगू नका. ६६ सी लागतं ते लबाडीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. मैत्रिणीने राजीखुशीने दिला तर तो लगेच गुन्हा होत नाही, पण कॉलेजच्या नियमात बसत नाही, आणि उद्या तिच्या लॉगिनवरून काही झालं तर पहिला फोन तिलाच जाणार. कायदा कुठे संपतो आणि कॉलेजचा नियम कुठे सुरू होतो हे वेगळं करून सांगितलं की पोरं ऐकतात, नाहीतर सगळंच गुन्हा म्हटलं की कशावरच विश्वास बसत नाही त्यांचा.

प्राध्यापकांचं सेशन मात्र वेगळं ठेवा, पोरांसमोर ते काही विचारत नाहीत. एकटे असले की यूजीसीच्या २०१८ च्या प्लेजरिझम, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलण्याच्या नियमांवर, थीसिसमध्ये दहा टक्क्यांपर्यंत मजकूर जुळलेला चालतो म्हणजे नक्की काय, यावर अर्धा तास जातो.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा नंबर तिथल्या तिथे सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या. ऑनलाइन पैसे गेले तर जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

त्या पहिल्या दिवशी सेशन आटोपून चहा घेत होतो, तर आमचे शिपाई मामा हळूच मोबाईल पुढे करून म्हणाले, "साहेब, आज रात्री लाइट कापणार म्हणून मेसेज आलाय, या नंबरवर फोन लावू का?" आख्ख्या कॉलेजात त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. आता पहिलं सेशन ऑफिस आणि शिपायांचं ठेवतो.